भार मोजणारी वही

मित्रांनो, आधीच सांगते, मला फार वेळ बोलवणार नाही. माझी शिवण तीन ठिकाणी उसवली आहे आणि पान उलटले की पाठीत कळ येते. मी एक जुनी, हाताने लिहिलेली वही आहे. माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. एका छोट्या इस्पितळाच्या पत्रव्यवहाराच्या खोलीत मी तेवीस वर्षे काढली, आणि त्या तेवीस वर्षांत माणसे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आली. 'आता झेपत नाही' हे इंग्रजीत बरोबर कसे लिहायचे?

माझा जन्म छापखान्याच्या मागच्या खोलीत एका बाइंडरच्या हातून झाला. इस्पितळाने त्याला बारा नोंदवह्या करायला सांगितल्या होत्या. बारा झाल्या आणि थोडे कागद उरले, एका बाजूला चुकीचे तक्ते छापलेले, दुसरी बाजू कोरी. बाइंडरने ते टाकून दिले नाहीत. छापील बाजू आत घेऊन त्याने प्रत्येक कागद दुमडला, तागाच्या दोऱ्याने मला शिवले, खळ लावली आणि वर लोखंडी वजन ठेवून दोन दिवस दाबून ठेवले. दोरा ओढताना तो स्वतःशीच बोलायचा, "घट्ट बस गं बाई. उद्या कोण कसं उलटेल, सांगता येत नाही."

दाबाखाली राहण्याची सवय मला तेव्हापासूनची.

माझ्या बारा बहिणींना क्रमांक मिळाले. एकीत जन्म नोंदले गेले, एकीत औषधे, एकीत चादरी. मी तेरावी. मला क्रमांक नव्हता, काम नव्हते. मला पत्रव्यवहाराच्या खोलीतल्या फळीवर ठेवले आणि विसरले.

ती खोली धुलाईघराला लागून होती. मधली भिंत बाराही महिने कोमट असायची आणि यंत्र फिरू लागले की शाईची दौत टेबलावर हळूहळू सरकत कडेला यायची. टेबलाशी एक बारीक चणीच्या बाई बसत. त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. आमचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात होते. तिथले अधिकारी निरनिराळ्या मुलखांतले, निरनिराळ्या भाषांचे, म्हणून सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. इस्पितळातल्या कोणालाही काही कळवायचे असले की तो आपला मसुदा घेऊन बाईंकडे येई. बाई चष्म्याची काच बाहीला पुसत, ओठ हलवत मसुदा वाचत, चुका सुधारत आणि टाइप करून पाठवत. आमची माणसे दमायची मराठीत आणि कळवायची इंग्रजीत. या दोहोंच्या मधल्या खड्ड्यात पुष्कळ जण पडले.

पहिले पडले ते गोदामवाले काका. एकदा औषधांची आणि सामानाची तीनशे खोकी एकदम आली. उतरवून घ्यायला काका एकटे. त्या दिवशी बाई रजेवर होत्या, म्हणून काकांनी आपल्या हाताने पत्र लिहिले आणि धाडून दिले. पत्रात एकच वाक्य होते, 'द स्टोअर इज फ्लडेड.' चौथ्या दिवशी इस्पितळाच्या दारात एक ट्रक उभा राहिला. त्यातून दोन माणसे आणि एक मोठा पंप उतरला.

"पाणी कुठंय?" पंपवाल्याने विचारले.

"कसलं पाणी?" काका म्हणाले.

"तुमचं गोदाम बुडालंय ना?"

"बुडालंय की! खोक्यांत बुडालंय! जीव मेटाकुटीला आलाय माझा, आणि तुम्ही पंप घेऊन आलात होय?"

पंपवाले भले होते. त्यांनी नळी बाजूला ठेवली, बाह्या सारल्या आणि संध्याकाळपर्यंत काकांबरोबर खोकी उचलली. पण आमच्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना मुख्य कार्यालयाला खुलासा द्यावा लागला आणि तो खुलासा बाईंना टाइप करावा लागला. तो लखोट्यात घातल्यावर बाईंनी मला फळीवरून काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि पहिल्या पानावर लिहिले : 'फ्लडेड' हा शब्द एकटा पाठवू नये. कशाचा पूर ते 'विथ' लावून सांगावे. नाहीतर लोक पाणी उपसायला येतात.

अशी मी कामाला लागले.

मग रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आला. त्याने बाईंना न दाखवताच पत्र धाडले होते आणि त्यात मराठी वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेला होता. 'नाइन हॅव कम इन माय नोज.' मुख्य कार्यालयाने उत्तर पाठवले की या कर्मचाऱ्यास ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे आणि नाकात नेमक्या कोणत्या नऊ वस्तू गेल्या ते कळवावे. ड्रायव्हर बिचारा कानकोंडा झाला.

"मग इंग्रजांच्या नाकी किती येतात हो बाई?" त्याने विचारले.

"त्यांच्या नाकी काही येत नाही, दादा. ते मानेपर्यंत बुडतात," बाई म्हणाल्या आणि माझ्यात लिहिले : 'अप टु माय नेक इन वर्क.' आपले वाक्प्रचार आपल्या घरी शहाणे. परक्या दारात त्यांना जसेच्या तसे नेऊ नये.

मग आचारी आला. सत्तर माणसांचा स्वयंपाक एकट्याने करून तो थकला होता आणि त्यानेही परस्पर लिहून पाठवले होते, 'आय ॲम फेड अप विथ माय वर्क.' उत्तर आले की नोकरी सोडायची असल्यास एक महिना आधी तसे कळवावे. "मी कुठं म्हटलं नोकरी नको म्हणून?" तो काकुळतीला आला. बाईंनी त्याला समजावले की 'फेड अप' म्हणजे वीट आला. त्यात काम किती आहे हे येतच नाही, नुसता राग येतो. ताटे जास्त आणि हात दोनच, हे सांगायचे असेल तर 'स्वॅम्प्ड' म्हणावे, 'स्नोड अंडर' म्हणावे. "बर्फ?" आचारी म्हणाला. "बाई, मी चुलीपुढं असतो." तरीही तेच बरोबर, असे बाईंनी त्याला पटवले.

एक तरुण डॉक्टर होते, ते तर लिहून गेले, 'आय ॲम ओव्हरव्हेल्मिंग.' म्हणजे काय, तर मी इतरांना दडपून टाकतो. ते खरे आहे असे दोन परिचारिका हळूच म्हणाल्या. बाईंनी शेवटची अक्षरे बदलून 'ओव्हरव्हेल्म्ड' करून दिले.

हळूहळू माझी पाने भरत गेली. प्रत्येक शब्दप्रयोगापुढे बाई समासात पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारत. एक रेघ म्हणजे हलका भार, पाच म्हणजे पार मोडून पडण्याची वेळ. 'हँड्स फुल'ला एक रेघ : हात भरलेत, पण माणूस उभा आहे. 'स्वॅम्प्ड'ला दोन. 'इन ओव्हर माय हेड'ला तीन रेघा आणि खाली सूचना : यात चूक आपली ठरते. झेपणार नाही ते काम आपणच अंगावर घेतले असा अर्थ निघतो, म्हणून जपून. 'ॲट माय विट्स एन्ड'ला चार : मती गुंग झाली, पुढे काय करावे सुचत नाही. 'विट्स'ची वरची शेपटी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, एस या अक्षरानंतर द्यायची, आधी नाही, कारण शब्द अनेकवचनी आहे. इंग्रज माणूस एका अकलेवर भागवत नाही.

सगळे माझे कौतुक करत. 'वहीत बघा' असे म्हणण्याची इस्पितळात पद्धतच पडली. मला त्याचा अभिमान वाटे. आज कबूल करते, तो अभिमान जरा घाईचा होता.

कारण एक नोंद माझ्यात अर्धी राहिली होती. एका दुपारी बाईंनी लिहायला घेतले : 'ओव्हरव्हेल्म्ड, म्हणजे भाराखाली दबून जाणे, झेपेनासे होणे.' पुढे त्यांनी स्वल्पविराम दिला. त्यांना आणखी काही लिहायचे होते. इतक्यात फोन वाजला, कोणाच्या तरी नातेवाइकांना तातडीने पत्र हवे होते, बाई उठल्या आणि मला मिटून गेल्या. ती नोंद पुरी करायचे पुढे राहूनच गेले. वाक्य पुरे झाले नव्हते, पण वाचणाऱ्याला ते पुरेच वाटले असते.

त्याच वर्षी तापाची साथ आली.

आमच्या मोठ्या वॉर्डात तीस खाटा. तिथे बावन्न रुग्ण झाले. खाटांच्या मधल्या वाटेवर गाद्या टाकल्या. परिचारिकांतल्या तिघी स्वतःच तापाने पडल्या, उरल्या दोन. एक मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्य परिचारिका. दुसऱ्या धाकट्या सिस्टर, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेल्या. बाईही तापाने घरी होत्या. बारा दिवस खोलीला कुलूप होते.

सातव्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टरांनी पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि खोली उघडली. त्यांच्या टाचा सुजल्या होत्या, बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या. त्यांनी उभ्यानेच मला उघडले आणि बोट फिरवत फिरवत ती अर्धी नोंद गाठली. भाराखाली दबून जाणे. झेपेनासे होणे. त्यांना हवा होता तोच अर्थ. त्यांनी लिहिले, 'वी आर ओव्हरव्हेल्म्ड बाय द हेल्प ऑफ द हेड ऑफिस.' त्यांना म्हणायचे होते की तुमच्या एवढ्याशा मदतीत आमचा जीव जातोय. खाली सही केली, पत्र पाठवले आणि त्या वॉर्डात परत गेल्या.

दोन दिवसांनी उत्तर आले, जाड कागदावर, वर सोनेरी चिन्ह. मुख्य कार्यालयाने लिहिले होते की आमच्या मदतीने आपण इतके भारावून गेलात हे वाचून आम्हाला अतिशय समाधान वाटले. आपल्या समाधानी कर्मचाऱ्यांचा आम्हाला अभिमान आहे. हे पत्र सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे.

मित्रांनो, भार तोच असतो. कोणी त्याने भारावतो, कोणी त्याच्याखाली जातो. ती दुसरी बाजू माझ्यात लिहिलेली नव्हती.

पत्र जिन्याजवळच्या फलकावर लागले. वॉर्डातून हलायला सवड नसल्याने मोठ्या सिस्टरांनी ते वाचलेच नाही. एकही परिचारिका आली नाही. दहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता धाकट्या सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन त्या जिन्यावरून उतरत होत्या. तीस तास त्यांनी पाठ टेकली नव्हती. नंतर त्या सांगत की मला पडल्याचे आठवतच नाही, पायरी दिसली आणि मग झोप लागली. चालता चालता झोप लागली. मनगट मोडले, गुडघा फुटला. मनगट सांधले. गुडघा पुरता बरा झाला नाही. त्या पुढे नोंदणीच्या टेबलाशी बसू लागल्या, पण वॉर्डात उभे राहण्याचे त्यांचे काम तिथेच संपले. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

बाई तेराव्या दिवशी परत आल्या. अशक्तपणामुळे भिंतीला धरून चालत होत्या. फलकापाशी थांबून त्यांनी ते पत्र वाचले, पुन्हा वाचले आणि तशाच वॉर्डात जाऊन मोठ्या सिस्टरांना खोलीत घेऊन आल्या.

"सिस्टर, तुम्ही काय लिहिलं होतं?"

मोठ्या सिस्टरांनी पत्राची प्रत पुढे टाकली. "तुमच्या वहीत बघूनच लिहिलं मी, बाई. एक अक्षर पदरचं घातलं नाही."

बाईंनी मला उघडले. त्या नोंदीवर त्यांची नजर गेली आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांनी त्या स्वल्पविरामावर बोट ठेवले.

"अर्धंच लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तुमची चूक नाही. माझी आहे."

"चूक कोणाची ते मागनं बघू. त्या पोरीचा गुडघा गेलाय, आणि अजून बावन्न जण वॉर्डात आहेत. आधी पत्र लिहा. तुमच्याकडचा सगळ्यात जड शब्द काढा."

बाईंनी पाच रेघांचे पान उघडले. "ॲट द एन्ड ऑफ अवर रोप."

"रोप म्हणजे दोर ना?"

"हो. दोर संपला. आता सहन होत नाही."

"जीव द्यायला निघालो असं नाही ना वाटणार?"

"नाही. पण आपण चिडलोय असं वाटेल. मग ते आपल्याला शांत करायला बसतील." बाईंनी डोळे मिटले. "शब्द नुसता जड असून भागत नाही हो, सिस्टर. किती माणसं, किती हात, काय झालं आणि काय हवं, एवढं लिहू. शब्द एकच ठेवू, आणि तो कशाखाली दबलाय ते त्याच्या शेजारी ठेवू."

दोघींनी मिळून लिहिलेले पत्र सहा ओळींचे होते. सुरुवातच अशी की आम्ही रुग्णसंख्येखाली 'ओव्हरव्हेल्म्ड' आहोत. बावन्न रुग्ण, दोन परिचारिका. त्यातली एक थकव्याने जिन्यावरून पडून जायबंदी. उरली एक. शुक्रवारपर्यंत सहा परिचारिका पाठवाव्यात. आमच्या आधीच्या पत्राचा अर्थ आभार असा घेऊ नये. ती मदतीची विनंती होती आणि ती चुकीच्या शब्दांत लिहिली गेली.

"शेवटची ओळ ठेवायची?" मोठ्या सिस्टरांनी विचारले. "आपलंच हसं होईल."

"होऊ दे."

गुरुवारी चार परिचारिका आल्या, सोमवारी आणखी दोन. सोनेरी चिन्हाचे पत्र बाईंनी स्वतः फलकावरून काढले. मग माझी अर्धी नोंद पुरी केली : 'आनंदाने, कृतज्ञतेने भारावणे असाही अर्थ होतो. कशाने ते लिहिल्याशिवाय हा शब्द पाठवू नये.' आणि खाली, कधी लिहीत नसत ते लिहिले. धाकट्या सिस्टरांच्या पडण्याची तारीख.

त्या दिवसापासून बाई आणि मोठ्या सिस्टर यांच्यातले 'तुम्ही' गेले आणि 'अगं' आले.

पुढे माझे दिवस फिरले. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने मला चाळले आणि तो प्रसन्न झाला. माझ्यातल्या नोंदींची पुस्तिका निघाली, चाळीस प्रती, सगळ्या इस्पितळांना वाटली. पुस्तिकेत पंप नव्हता, नाक नव्हते, ती तारीखही नव्हती. नुसते शब्द आणि अर्थ. पण प्रस्तावनेत बाईंचे आभार मानले होते, आणि त्याचा परिणाम असा झाला की चाळीस इस्पितळांचे मसुदे तपासायला बाईंकडेच येऊ लागले. टपालाची पिशवी सकाळी येई आणि टेबलाचा लाकडी पृष्ठभाग दुपारपर्यंत दिसत नसे. मदतनीस द्यायचे ठरले होते. ते ठरलेलेच राहिले.

घरी बाईंची आई होती. आईची आठवण विरत चालली होती. बाई पहाटे उठून आईला अंघोळ घालत, भरवत, शेजारणीला बसवून कामावर येत. संध्याकाळी घरी गेल्या की आई दार उघडून विचारी, "कोण हवंय आपल्याला?" हे बाईंनी कधी तरी मोठ्या सिस्टरांना हसत हसत सांगितले होते. हसण्यासारखे ते नव्हते.

मला मात्र सगळे कळत होते, कारण बाई माझ्या शेवटच्या पानांवर लिहू लागल्या होत्या. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. मोठ्या साहेबांना द्यायचा त्यांचा स्वतःचा अर्ज होता तो. एक दिवस लिहिले, 'माय हँड्स आर फुल.' खोडले. पुढे मराठीत लिहिले, 'तक्रार वाटेल.' आठवड्याने लिहिले, 'आय ॲम स्वॅम्प्ड.' खोडले. 'वॉर्डात माझ्याहून जास्त काम आहे.' मग 'विट्स एन्ड', शेपटी बरोबर जागी. तेही खोडले. 'हे फार होईल.' असे करत चार पाने झाली. प्रत्येक वेळी त्यांना आपल्यापेक्षा जास्त दमलेला कोणी ना कोणी आठवे आणि त्या आपले वाक्य मागे घेत. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिले होते, 'आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड बाय', आणि पुढची जागा मोकळी होती. सगळ्यांना ज्या जागी काय लिहायचे ते शिकवले, तिथे त्यांना स्वतःला काही लिहिता येईना.

ते पान चार महिने तसेच राहिले. या काळात बाईंच्या हातून पहिल्यांदा चूक झाली. एका रुग्णाच्या घरी जायचे पत्र दुसऱ्याच्या घरी गेले. पत्र बऱ्या झालेल्या माणसाचे होते, म्हणून निभावले. पण बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टर एका मसुद्यासाठी शब्द शोधायला आल्या. त्यांनी मला उचलले. माझी शिवण तेव्हाच ढिली झाली होती. मी त्यांच्या हातात नेमकी शेवटच्या पानांशी उघडले गेले.

त्यांनी वाचले. उभ्या होत्या त्या स्टुलावर बसल्या आणि चारही पाने वाचली.

"हे कोणाचं गं?"

"कोणाचं नाही. सराव."

"चार पानं सराव?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला शिकवतेस? मी हात लावून ताप सांगते, थर्मामीटर मागाहून लावते. कधीचं आहे हे?"

"झाले चार महिने."

"दिलं का नाहीस साहेबांना?"

"बरोबर शब्द सापडेना."

"तुला?"

बाईंनी चष्मा काढला आणि बाहीला पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"बरं, इंग्रजी राहू दे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला मराठीत सांग. इथं जावक क्रमांक लागत नाही."

बाईंचे ओठ हलले. मसुदा वाचताना हलत तसेच, आवाज न येता. मग त्या म्हणाल्या, "दमले गं."

एवढेच. मोठ्या सिस्टरांनी 'होईल सगळं नीट' असे म्हटले नाही. त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातले, मला काखेत मारले आणि सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. बाई मागून "अगं, थांब" म्हणत होत्या, पण उठून मागे येण्याइतके त्राण त्यांच्यात नव्हते.

"लेखी आहे का काही?" साहेबांनी विचारले. ते वाईट गृहस्थ नव्हते. सवयीने विचारले.

"आहे ना. चार पानं आहेत. पण पुरं वाक्य एकही नाही, साहेब. अख्ख्या इस्पितळाची वाक्यं तिनं पुरी केली. तिचं तेवढं कोणी करायचं?"

साहेबांनी मला समोर घेतले. त्यांनी पहिली ओळ वाचली, खोडलेली. दुसरी वाचली, खोडलेली. मग ते वाचत राहिले आणि त्यांच्या टेबलावरचा फोन दोनदा वाजून बंद झाला तरी त्यांनी तो उचलला नाही. त्याच दिवशी बाईंची दोन महिन्यांची रजा मंजूर झाली. मदतनिसासाठी मुख्य कार्यालयाला पत्र गेले ते मोठ्या सिस्टरांनी लिहिले, मला शेजारी उघडी ठेवून. मी त्यात चूक शोधत होते. सापडली नाही.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. आईची आठवण परत आली नव्हती, रजेने ती येणारही नव्हती. पण बाईंच्या चेहऱ्यावर रंग होता आणि खोलीत दुसरे टेबल लागले होते, त्यावर एक हसतमुख कारकून बाई टपाल उघडत होत्या. आमच्या बाईंनी आल्या आल्या एकच बदल केला. तोवर लोक टेबलापलीकडे उभे राहून मसुदे देत. बाईंनी कोठीतून एक खुर्ची आणवून टेबलाशेजारी ठेवली. जो येई त्याला आधी बसवत, म्हणत, "कागद राहू दे जरा. काय झालंय ते आपल्या भाषेत सांगा." सांगताना कोणी रडे, कोणी चिडे, कोणाला सांगता सांगताच समजे की पत्राची गरजच नाही, दोन दिवस घरी झोपायला हवे. मग उरलेल्यांसाठी बाई मला उघडत आणि नेमका शब्द देत, एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही.

बाई निवृत्त झाल्या. मोठ्या सिस्टर त्यांच्या आधीच गेल्या होत्या. नंतर खोलीत संगणक आला. तो चुका स्वतःच लाल करतो आणि शब्दही सुचवतो. मला कोणी वाईट वागवले नाही. मी लागत नाही, इतकेच. हल्ली मी छपाई यंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे. यंत्र सुरू झाले की माझ्या पुठ्ठ्यात त्याचे हादरे बसतात. खालच्या कोपऱ्यातली पाने ओलीने चिकटली आहेत. दमले आहे मी, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

तर मित्रांनो, परक्या भाषेत लिहाल तेव्हा शब्द नीट पारखून घ्या, अर्ध्या अर्थावर भिस्त ठेवू नका. अर्धा अर्थ काय करतो ते मी पाहिले आहे आणि ते माझ्याच पानावरून झाले आहे. कोणाची जुनी वही हाती लागली तर ती कशाच्या पायाखाली घालण्याआधी एकदा चाळून बघा. आणि कोणी तुमच्यापुढे येऊन अडखळत, चुकतमाकत, तुटक्या वाक्यात सांगू लागला की आता झेपत नाही, तर त्याची चूक मागाहून सुधारा. आधी त्याला बसायला सांगा.